ढोलाला नाही, ताटलीला दचकतात

"हे ताटलीला दचकतात आणि ढोलाला दचकत नाहीत. आता तुम्हीच सांगा मॅडम, हे काय समजायचं?" काकूंनी खुर्चीत बसता बसता विचारलं. शेजारी काका होते, नजर खाली, दोन्ही हात मांड्यांवर दाबून धरलेले. मागे सून उभी होती आणि तिच्या हातात रिपोर्टांची फुगलेली फाइल होती.

मी नाशिकमध्ये गेली १८ वर्षं कान तपासते. ऐकू येत नाही, कानात शिट्टी वाजते, चक्कर येते, या तक्रारी रोजच्याच. पण 'फार दचकतात' म्हणून कान दाखवायला आलेलं हे माझ्याकडचं पहिलं कुटुंब. त्यांची ओळख पटेल असं काही इथे लिहीत नाही. काका आणि काकू, एवढं पुरे.

काका ६३ वर्षांचे. सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत ३१ वर्षं पावर प्रेसवर, म्हणजे पत्रा ठोकून आकार देणाऱ्या यंत्रावर, काम केलं, पाच वर्षांपूर्वी निवृत्त झाले. घर सिडकोत. घरात काकू, मुलगा, सून, अकरा वर्षांचा नातू, तीन वर्षांची नात आणि मोती नावाचा गावठी कुत्रा. दीड वर्षापासून काकांचं दचकणं वाढत गेलं. झाकण पडलं, कुकरची शिट्टी झाली, कुणी कडी उघडली, नातवाने मागून 'आजोबा' म्हटलं, की खांदे कानाला लागायचे, हातातलं सुटायचं, छाती बराच वेळ धडधडत राहायची. एकदा हातातला चहा उडाला आणि नातीच्या दंडावर पडला. फोड आला, बरा झाला, डागही राहिला नाही. पण त्या दिवसापासून काकांनी नातीला उचलून घेणं सोडलं. हे सुनेने सांगितलं, काकांनी नाही.

उपाय बरेच झाले होते. कुणी नसांची कमजोरी सांगून इंजेक्शनं दिली, कुणी झोपेची गोळी. काकूंनी मीठ-मोहऱ्या उतरवून टाकल्या. सुनेने मोबाइलवर वाचलं की दचकण्याचा आणि स्किझोफ्रेनिया या मानसिक आजाराचा संबंध असतो, आणि ती बिचारी महिनाभर कुणाला न सांगता धसका घेऊन बसली. शेवटी एका न्यूरॉलॉजिस्टने नीट तपासून मेंदूचं काही नाही म्हणून सांगितलं आणि 'एकदा कान बघून घ्या' असं लिहून दिलं. दचकण्याचा एक जन्मजात विकार असतो, त्यात नाकाच्या शेंड्यावर टिचकी मारली तरी डोकं मागे उडतं आणि अंग ताठरतं. तोही त्यांनी पाहून बाजूला ठेवला होता.

"पण कान कशाला?" काकू म्हणाल्या. "ऐकू तर येतंच ह्यांना. उलट जास्तच येतं!"

या प्रकरणाचं मर्म त्याच वाक्यात होतं. मला ते कळायला दोन भेटी लागल्या.

दचकणं होतं कुठे

दचकण्यात मन फार उशिरा येतं. मोठा, एकाएकी आलेला आवाज कानातून निघतो, कानाच्या चेतापेशींमार्फत मेंदूच्या देठातल्या पॉन्स या भागात जातो, आणि तिथल्या काही भल्यामोठ्या पेशी थेट मज्जारज्जूला हुकूम सोडतात. वाटेत दोन-तीनच टप्पे. उंदरात आवाजापासून पायाचा स्नायू हलेपर्यंत जेमतेम ८ मिलिसेकंद जातात. माणसात पापणी ३० ते ५० मिलिसेकंदांत मिटते, मग मान, मग खांदे. 'अरे, ताटली पडली' हे कळेपर्यंत अंग उडून झालेलं असतं. म्हणून 'एवढं काय दचकायचं, मन घट्ट करा' हा सल्ला निरुपयोगी आहे, आणि ऐकणाऱ्याला उगाच अपराधी वाटायला लावणारा आहे. काकांनी तो वर्षभर ऐकला होता.

१९३९ मध्ये कार्नी लँडिस आणि विल्यम हंट यांनी पिस्तुलाच्या बाराला माणसं कशी दचकतात त्याचं वेगवान कॅमेऱ्याने केलेलं चित्रण मांडलं. क्रम सगळ्यांचा तोच निघाला: डोळे, मान, खांदे, मग कोपर आणि पोट. पापणीचं मिटणं सवयीनेही सहसा जात नाही.

आता हा झटका मेंदू रोखतो कसा? एक मार्ग सवयीचा. तोच आवाज पुन्हा पुन्हा आला की झटका उतरत जातो. दुसरा मार्ग मला जास्त विलक्षण वाटतो. मोठ्या आवाजाच्या किंचित आधी, म्हणजे साधारण ३० ते ५०० मिलिसेकंद आधी, एखादा बारीक आवाज झाला तर मोठ्या आवाजाचा झटका खूपच कमी होतो. १०० मिलिसेकंदांच्या आसपास हा परिणाम सर्वांत जोरकस असतो. बारीक आवाज इतका हळू असला तरी चालतो की त्याने एरवी कुणीच दचकणार नाही. यात शिकावं लागत नाही, पहिल्याच खेपेला हे घडतं. म्हणून याला सवय म्हणता येत नाही. मराठीत याला रूढ शब्द मला सापडलेला नाही, मी 'चाहुलीची गाळणी' म्हणते.

१९६० च्या दशकात हॉवर्ड हॉफमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांवर हे पद्धतशीर तपासलं. १९७५ मध्ये फ्रान्सिस ग्रॅहॅम यांनी अर्थ लावला तो असा: बारीक आवाज आत आला की मेंदू तो ओळखण्याच्या कामाला लागतो, आणि ते काम उधळलं जाऊ नये म्हणून पुढचा काही क्षण दुसऱ्या धक्क्याला दार ओढून घेतो. हे दार मध्यमेंदूत आहे. आवाजाच्या वाटेवरचे दोन उंचवटे, कॉलिक्युलस म्हणतात त्यांना, बारीक आवाजाची खबर देठातल्या एका गाठीला देतात आणि ती गाठ पॉन्समधल्या त्या मोठ्या पेशींना दाबून धरते. दाब किती द्यायचा हे वरच्या मेंदूचे भाग कमी-जास्त करत राहतात. ही गाळणी उंदरात आहे, माकडात आहे, झेब्राफिश नावाच्या बोटाएवढ्या माशात आहे, कवच नसलेल्या एका समुद्री गोगलगाईतही सापडली आहे. जिवाला इतकी जुनी आणि इतकी गरजेची गोष्ट.

सुनेची भीती इथेच निस्तरते. डेव्हिड ब्राफ यांनी १९७८ मध्ये दाखवलं की स्किझोफ्रेनिया असलेल्या रुग्णांत ही गाळणी सरासरीने कमजोर असते. पण सरासरीने. उलटा हिशेब चालत नाही. दचकणाऱ्या माणसाला तो आजार आहे असं यावरून कुणीही म्हणू शकत नाही, आणि ही चाचणी निदानासाठी वापरलीही जात नाही. मी हे तिला तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा ती खुर्चीत बसली.

कानाचा आलेख

कान स्वच्छ होते, पडदे चांगले. मग आवाजबंद खोलीत ऑडिओमेट्री केली, म्हणजे कुठला सूर किती हळू असला तरी ऐकू येतो याची चाचणी. डेसिबलचा आकडा जितका मोठा, तितकं ऐकणं कमी. खालच्या सुरांना, म्हणजे २५० आणि ५०० हर्ट्झला, काकांना २० डेसिबलवर ऐकू येत होतं. अगदी ठीक. १००० ला २५. तिथून आलेख घसरला: २००० ला ४०, ४००० ला ७५, आणि ८००० ला परत ६०. दोन्ही कानांत सारखंच. ४००० वरचा हा खड्डा म्हणजे कारखान्याच्या गोंगाटाचा शिक्का असतो, मी तो इतक्या कामगारांच्या कागदावर पाहिला आहे की आता आलेख पाहून माणसाचं काम विचारते. वयाची घट त्यात भर घालते.

बोलणं ऐकू यायला खालचे आणि मधले सूर बऱ्यापैकी पुरतात, म्हणून घरी कुणाला संशय आला नाही. 'काय म्हणालीस' हे काका विचारायचे, पण ते सगळेच विचारतात.

दुसरी चाचणी होती आवाज कुठे असह्य होतो याची. ४००० हर्ट्झला काकांना ७५ डेसिबलवर जेमतेम ऐकू येत होतं आणि ९५ वर त्यांनी हात वर करून 'बस' म्हटलं. मधे फक्त २० डेसिबल. निरोगी कानात हे अंतर ९० च्या आसपास असतं. कानाच्या शंखात केसपेशींच्या रांगा असतात. बाहेरच्या रांगांतल्या पेशींचं काम बारीक आवाज फुगवून देणं. गोंगाटात आधी त्याच मरतात. मोठ्या आवाजाला त्यांची मदत लागत नाही. त्यामुळे अशा कानात बारीक आवाज पोचतच नाही आणि मोठा मात्र पूर्ण ताकदीने येतो. जिना तोच, पण पायऱ्या काढून टाकलेल्या: खाली शांतता आणि एकदम वरचा मजला. काकू 'उलट जास्तच येतं' म्हणत होत्या ते यामुळे.

आलेख समोर ठेवून मी काकांना विचारलं, "प्रेसवर दचकायचात?"

"कधीच नाही," ते पहिल्यांदा मोकळं बोलले. "पेडल मारलं की क्लच खट् करतो, मग धाड. खट् ऐकू आलं की अंग आपोआप तयार. नवीन पोरगं आलं की पहिला आठवडा दचकायचं. नंतर नाही."

खट्, मग धाड. मिनिटाला १५० फेरे मारणाऱ्या प्रेसला वरून खाली यायला २०० मिलिसेकंद लागतात. शिवाय पेडल स्वतःच्याच पायाखाली, आणि ३१ वर्षांची सवय. ज्या आवाजाने कान गेले त्याच आवाजाला ते कधी दचकले नाहीत, कारण त्याची चाहूल प्रत्येक वेळी आधी मिळत होती.

मी प्रेसवरच्या अपघातांबद्दलही विचारलं, कारण भीती हे दचकणं वाढवणारं मोठं कारण आहे. मेंदूतला ॲमिग्डला हा भाग पॉन्सच्या त्याच पेशींना चिथावतो, अंधारात किंवा एखाद्या हादऱ्यानंतर माणूस जास्त दचकतो ते त्यामुळे. शेजारच्या माणसाची दोन बोटं गेलेली काकांनी पाहिली होती. पण त्याला वीस वर्षं झाली होती, स्वप्नं पडत नव्हती, प्रेसचा विषय ते टाळत नव्हते. मी ते कारण पुसून टाकलं नाही, पण मागे ठेवलं.

आणि कान कसे सांभाळायचात? "कॉटन वेस्टचा बोळा घालायचो." ३१ वर्षांत ऑडिओमेट्री एकदाही नाही. आठ तासांच्या पाळीत ९० डेसिबलच्या वर आवाज नको असा तेव्हा आपल्याकडचा नियम होता. १९४८ च्या कारखाने कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत गोंगाटाने येणारा बहिरेपणा सरकारला कळवण्याच्या आजारांत धरलेला होता. कागदावर सगळं होतं. तरी माझ्याकडे येणारा कामगार निवृत्तीनंतर येतो, तेव्हा मेलेल्या पेशी परत आणायला माझ्याकडे काही नसतं. याचा मला राग येतो आणि तो गिळून काम करावं लागतं.

ओट्यावरची ताटली

प्रयोगशाळेत ही गाळणी मोजायला पापणीजवळ इलेक्ट्रोड लावतात, हेडफोनवर ठरावीक आवाज सोडतात. ती सोय माझ्याकडे नाही. म्हणून एका रविवारी मी सिडकोत त्यांच्या घरी गेले. जे केलं त्याला प्रयोग म्हणणार नाही, निरीक्षण म्हणा.

ओटा ८५ सेंटिमीटर उंच. तिथून ताटली फरशीवर यायला साधारण ०.४ सेकंद लागतो. ताटली सरकत सरकत कडेवरून गेली तर दगडावर घासल्याची एक बारीक 'सर्र' येते, आणि ४०० मिलिसेकंदांनी खणखणाट. म्हणजे पडणारी ताटली आपली चाहूल आपणच देते, आणि ती चाहूल गाळणीच्या मुदतीत बसते. 'सर्र'चा आवाज उंच सुराचा. काकांच्या कानात नेमका तिथेच खड्डा.

काका बाहेरच्या खोलीत पाठमोरे बसले, सून दाराशी, मोती उंबऱ्यावर पसरलेला. काकांना आधी सगळं सांगितलं होतं. "पाडा," ते म्हणाले, "मलाही एकदा कळू दे." नातू मोबाइलवर स्लो मोशनमध्ये चित्रण करत होता. मी काही वेळा ताटली ओट्यावरून घासत सोडली, काही वेळा तेवढ्याच उंचीवर हातात धरून मुकाट सोडली. मध्ये पाच-सात मिनिटं गप्पा, म्हणजे सवयीने सगळं बोथट होऊ नये.

नंतर चौघांनी डोकी जोडून ते चित्रण पाहिलं. मुकाट पडलेल्या ताटलीला सुनेचे खांदे उडाले, मोतीचं डोकं झटकन वर आलं. घासत पडलेल्या ताटलीला सुनेची फक्त पापणी मिटली. मोतीचा एक कान 'सर्र'लाच वळला होता, खणखणाटाला तो जागचा हललाही नाही. काकांना दोन्ही ताटल्या सारख्याच. दोन्ही वेळा डोळे, मान, खांदे, हात. नातवाने चित्रण मागे-पुढे करून तो कान वळल्याची जागा दाखवली आणि म्हणाला, "आजोबा, हे मोतीला ऐकू आलं, तुम्हाला नाही."

काका बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हणजे मी भित्रा झालो नाही."

कुत्र्याचा कान ४५ हजार हर्ट्झपर्यंत जातो, आपला लहानपणी फार तर २० हजार. मोतीला कुकरच्या वाफेची 'सूं', सुरी उचलल्याचा टणकार, कडी घासल्याचा पहिला आवाज, सगळं पोचतं. दिवाळीत मोती पलंगाखाली थरथरतो, त्याचं कसं, असं सुनेने विचारलं. ती भीती आहे, तासन्तास टिकणारी. चाहुलीची गाळणी काही क्षणांपुरती, तिचा त्यावर इलाज नाही. आणि धाकटी नात दर खेपेला आजोबांइतकीच दचकत होती, तेही सुनेच्या लक्षात आलं. लहान मुलांत ही गाळणी कच्चीच असते, मोठ्यांसारखी व्हायला आठ वर्षांचं वय येतं.

ढोलाचं कोडंही सुटलं. गणपतीच्या मिरवणुकीत नाशिक ढोल घुमतो तो खालच्या सुरांत, आणि तिथे काकांचे कान शाबूत आहेत. ताशा आधी तडतडतो, ढोल मागून उचलतो. एका हातातलं टिपरू आणि दुसऱ्या हाताची थाप यांच्या लयीत प्रत्येक ठोका पुढच्याची वर्दी देतो. पहिल्या दोन-चार ठोक्यांनंतर सवयही काम करते. भगूरला बहिणीकडे गेले की देवळालीच्या तोफांचा सराव ऐकू येतो, त्यालाही काका दचकत नाहीत. दचकायला आवाज काही मिलिसेकंदांत शिखरावर जावा लागतो. लांबून येताना हवेत त्याची धार मरते, उरतो तो घुमणारा गडगडाट.

मशीन बसवल्यावर

दोन्ही कानांना ऐकण्याचं मशीन दिलं. सेटिंग असं की २००० च्या वरचे बारीक आवाज वाढावेत, मध्यम थोडे वाढावेत आणि मोठ्यांना कमाल मर्यादा असावी. पहिल्या खेपेला माझं चुकलं. ४००० ला मी जास्त वाढ दिली. पेपरची घडी उलगडली तरी काकांना ओरखडे ओढल्यासारखं व्हायचं. दोन दिवसांत मशीन खणात गेलं. वाढ कमी करून तीन आठवड्यांत हळूहळू चढवत नेली. कान बरा होत नाही, मेंदूला हरवलेल्या आवाजांची पुन्हा ओळख व्हावी लागते आणि तिला वेळ लागतो. झोपेची गोळी ज्या डॉक्टरांनी दिली त्यांनाच विचारून टप्प्याटप्प्याने बंद झाली.

काकूंनी कालनिर्णयवर रोज दचकण्याच्या रेघा ओढल्या. दोन महिन्यांनी त्या निम्म्याहून कमी झाल्या, शून्य नाही. यातलं किती मशीनमुळे आणि किती 'मी भित्रा नाही' हे कळल्यामुळे, ते मला वेगळं काढता येणार नाही. दुसऱ्याचा वाटा लहान नसावा असं मला वाटतं.

त्याच सुमारास मी पुन्हा घरी गेले होते. काका ओट्याशी कोथिंबीर निवडत होते. कुकरने 'सूं' धरली, मोतीचा कान वळला, आणि काकांचीही मान त्याच बाजूला वळली. शिट्टी झाली. त्यांची पापणी मिटली आणि बोटं पुन्हा कोथिंबिरीत गेली.

रस्त्यावर मागून हॉर्न वाजला तर ते अजून उडतात. रात्री मशीन काढून ठेवलेलं असतं, तेव्हा कडीचा आवाज तसाच लागतो. चाहूल कानातूनच यावी असं मात्र काही नाही, उजेडाने आणि स्पर्शानेही गाळणी चालते. मुलगा रात्रपाळीहून येतो तेव्हा तो आता आधी पॅसेजचा दिवा लावतो, मग कडी काढतो. दिवा आणि कडी यांत दोन-तीन सेकंद जातात, म्हणजे गाळणीच्या मुदतीत ते बसत नाही, साधी पूर्वसूचनाच ती. काका म्हणतात, चालतं. नातीला ते संध्याकाळी उचलून गच्चीवर नेतात, चहा झाल्यावर, कप खाली ठेवून.